बांधाच्या अलीकडे धुरळा, पलीकडे पाणी

बोअरची गाडी आमच्या रानात रात्री अकराला लागली. २०१९ चा मे महिना. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माथ्यावर त्या साली गाड्यांना दिवस पुरत नव्हते, नंबर लागेल तेव्हा घ्यायचा. पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून दाखवलेल्या जागी तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, उदबत्ती लावली आणि तिरुचेंगोडेहून गाडीबरोबर आलेल्या तमिळ पोरांनी काम सुरू केलं.

मी बाजूला बसून बाहेर पडणारा चुरा बघत होतो. आधी काळी माती, मग पिवळसर मुरूम. चाळीस फुटांवर चुरा जरा ओलसर आला तसे सगळे उठून उभे राहिले, पण ती ओल तेवढीच. सत्तरला काळा पाषाण लागला आणि राखाडी धुरळा उडायला लागला. एकशेचाळीसच्या आसपास अचानक तांबडी भुकटी आली, चिकट, गेरूसारखी. ऑपरेटर वैतागला, कारण या मातीत हातोडा अडकतो. तिच्याखाली परत राखाडी. तीनशे. चारशे. "मालिक, और सौ मारें क्या?" तात्या मान हलवायचे. पाचशे ऐंशीला त्यांनी हात वर केला. पाणी लागो न लागो, पैसे फुटामागेच मोजावे लागतात.

पंधरा दिवसांनी बांधापलीकडे, हाकेच्या अंतरावर, आमच्याच भावकीतल्या एकाला एकशेसाठ फुटांवर दोन इंच पाणी लागलं. तात्या एवढंच म्हणाले, "त्याच्या नशिबात हुतं रं."

मराठवाड्यात हा किस्सा घरोघरी आहे. गावाचं नाव बदला, फुटांचे आकडे बदला, गोष्ट तीच. यात नशिबाचा भाग किती आणि खडकाचा किती, हे समजून घ्यायचं तर आपल्या पायाखाली नेमकं काय आहे ते आधी बघायला हवं.

बहुतेकांच्या मनात जमिनीखालच्या पाण्याची दोन चित्रं असतात. एकात खाली मोठं तळं असतं, पुरेसं खोल गेलं की भोक त्यात पडणारच. दुसऱ्यात पाताळात नदी वाहत असते, तिची शीर पकडता आली पाहिजे. पाणाड्याचा धंदा दुसऱ्या चित्रावर चालतो, बोअरवाल्याचा पहिल्या. मराठवाड्याच्या बहुतांश भागात खाली यातलं काहीच नाही. खाली दगड आहे, आणि त्या दगडातल्या पोकळ्यांमध्ये, भेगांमध्ये, सांध्यांमध्ये पाणी आहे. ज्या थरात पाणी साठूही शकतं आणि त्यातून सरकूही शकतं, त्या थराला भूजलवाले जलधर म्हणतात.

साठणं आणि सरकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली काळी चिकण माती पाणी भरपूर पिते, पण धरून ठेवते. पावसाळ्यानंतर महिनाभराने रानातलं ढेकूळ फोडलं तर आत ओल सापडते, तरी त्या ढेकळातून पेलाभर पाणी काही निघत नाही. खडीच्या ढिगावर बादली ओता, खालून लगेच निथळेल. मातीत साठा आहे, वाट नाही. खडीत दोन्ही आहे. आणि अखंड काळ्या पाषाणात दोन्ही नाही. जलधर चांगला की वाईट हे या दोन प्रश्नांवर ठरतं: पोकळी किती, आणि पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या किती.

भाकरींची चवड

आपला खडक बेसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग काही काळ गेला आणि त्यावर दुसरा आला. असं कितीतरी वेळा झालं आणि एकावर एक थर बसत गेले. आज महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग या खडकाखाली आहे. मराठवाड्यात पूर्वेकडे नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर-बिलोलीच्या बाजूला तो संपतो आणि ग्रॅनाइटच्या जातीचे त्याहून जुने खडक उघडे पडतात. गोदावरीच्या काठाने गाळाची एक अरुंद पट्टी आहे. बाकी सगळा बेसाल्ट.

हे थर डोळ्यासमोर आणायचे तर चुलीजवळची भाकरींची चवड आठवा. भाकरी तव्यावर टाकली की खालची बाजू घट्ट राहते आणि वरचा पापुद्रा फुगून सुटतो. लाव्ह्याचंही तसंच होतं. त्यात विरघळलेले वायू बुडबुडे होऊन वर चढतात आणि थर थिजताना वरच्या भागात अडकून बसतात. त्यामुळे प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र, आणि पोटाचा भाग घट्ट, काळा, हातोड्याला ठिणगी देणारा. विहीर खोदणारे सच्छिद्र, सुरुंगाला लवकर फुटणाऱ्या दगडाला मांजऱ्या म्हणतात आणि खालच्याला पाषाण. शास्त्राची पुस्तकं यायच्या आधीपासून त्यांना हा फरक ठाऊक होता, कारण त्यांची मजुरी त्यावर ठरायची.

पाणी राहतं ते मुख्यतः या पापुद्र्यांत आणि एका भाकरीवर दुसरी भाकरी टेकते त्या सांध्यात. पण त्यातही गोम आहे. कोट्यवधी वर्षांत या बुडबुड्यांच्या भोकांत पांढरी खनिजं साचली, झिओलाइट आणि कॅल्साइट. रानात पांढऱ्या चकचकीत गारा सापडतात, त्यातल्या कित्येक अशा भोकांतल्याच. भोक भरलं म्हणजे पाण्याची खोली गेली. त्यामुळे सच्छिद्र दिसणारा प्रत्येक थर पाणी देईल असंही नाही.

तात्यांच्या बोअरमधून आलेली तांबडी भुकटी म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधला निवांत काळ. आधीचा थर उघड्यावर कुजला, त्याची माती झाली, आणि पुढच्या तापलेल्या लाव्ह्याखाली ती भाजून निघाली. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असला की काळ्या दगडाच्या मधोमध जी विटकरी रेघ दिसते, ती हीच. ही माती चिकण. ती पाणी वरचं वर अडवते, खाली जाऊ देत नाही. डोंगराच्या उतारावर पावसाळ्यानंतर एकाच उंचीवर ओळीने झरे पाझरताना दिसतात, ते बहुधा अशाच थराच्या किंवा सांध्याच्या आधाराने.

ही चवड किती जाड? त्याचं नेमकं उत्तर एका दुःखद कारणाने हाती आलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर अभ्यासासाठी किल्लारीला ६१७ मीटरचा छिद्रवेध घेतला गेला. त्यात ३३८ मीटरला, म्हणजे सुमारे ११०० फुटांवर, बेसाल्ट संपला. मध्ये काही मीटर गाळाचा थर आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या कुळातला जुना खडक. सगळा पाषाण पार करून खालच्या तळ्यापर्यंत पोचायचं स्वप्न बघणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. तळाशी तळं नाही, आणखी दगड आहे.

वरचे साठ फूट

मग पाणी कुठे आहे? बहुतेक सगळं वर आहे. पृष्ठभागाजवळचा बेसाल्ट ऊन-पावसाने कुजतो, भेगा रुंदावतात, मुरूम होतो. हा कुजलेला भाग आणि त्याखालचा भेगाळलेला दगड मिळून साधारण पन्नास-साठ फूट, कुठे कमी, कुठे थोडं जास्त. आपल्या आज्या-पणज्यांच्या विहिरी, गावोगावचे आड आणि बारवा बहुतेक याच खोलीत थांबतात. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं हे खरं, पण त्याच्या खाली खोदण्यात फारसा अर्थ नाही हेही त्यांना कळलं होतं.

या वरच्या थरात तरी पाणी किती मावतं? इथे लोकांचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो. शासकीय भूजल अंदाजात कुजलेल्या किंवा सच्छिद्र बेसाल्टसाठी १ ते ३ टक्के धरतात. म्हणजे १०० लिटर आकाराचा दगड पूर्ण भरलेला असला तरी त्यातून निथळून येणार दोन लिटर. नदीकाठच्या वाळूच्या गाळात हेच १२ ते २० लिटर असतात. उत्तरेतला, गंगेच्या गाळावरचा शेतकरी रांजणातून पाणी पितो, आपण तांब्यातून. (त्यांनी रांजणही रिकामा करत आणलाय, ती वेगळी गोष्ट.)

आता हिशोब करू, कागद घेऊन बसा. मराठवाड्यात वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरा. त्यातला फार तर दहावा भाग जमिनीत खोल मुरतो असं मानू, म्हणजे ७० मिलिमीटर. दगडात जागा फक्त २ टक्के, म्हणून हे ७० मिलिमीटर पाणी विहिरीची पातळी ३५०० मिलिमीटरने वर चढवतं. साडेतीन मीटर! साडेअकरा फूट! एका चांगल्या पावसाळ्यात विहीर तुडुंब होते आणि आपण खूश होतो, ते यामुळे. आणि याच कारणाने ती फेब्रुवारीत तळ दाखवते. पातळी झरझर चढते, झरझर उतरते, कारण भांडंच लहान आहे. सलग दोन वर्षं पाऊस हुकला की तिसऱ्या वर्षासाठी मागे काही शिल्लक राहत नाही.

दुसरा हिशोब. एक हेक्टर रानाखाली पातळी एक मीटर उतरली तर हाती येतात २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर. एक हेक्टर ऊस पाटाने भिजवायला वर्षाला २० हजार घनमीटर पाणी सहज लागतं. भागून बघा: एका हेक्टर उसासाठी शंभर हेक्टरखालची पातळी एक मीटर उतरवावी लागते. त्यातलं थोडं परत मुरतं, ठिबकवर गरज कमी होते, थोडं पाणी आभाळ देतं, हे सगळं मान्य. आकडा निम्मा करा हवा तर. तरीही तुमचा एक हेक्टर ऊस पन्नास हेक्टरच्या खिशात हात घालतो, आणि ते पन्नास हेक्टर तुमचे नसतात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर. वरच्याच हिशोबाने ते पाणी म्हणजे अडीच हेक्टर जमिनीखालची एक मीटर पातळी. आणि एक हेक्टर उसाचं वर्षाचं पाणी म्हणजे अशा चाळीस गाड्या. त्या गाडीचे फोटो देशभर छापून आले. चाळीस गाड्यांचं पाणी वर्षभर एकेका हेक्टर रानात सोडलं जातं, त्याचा फोटो निघत नाही.

पाणी सरकतं कसं

फ्रान्समधल्या दिजाँ गावच्या पाणीपुरवठ्याचं काम बघणाऱ्या ऑन्री दार्सी या इंजिनिअरने १८५६ मध्ये वाळूने भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडून एक साधा नियम मांडला. पाणी किती वेगाने सरकेल हे दोनच गोष्टी ठरवतात: दोन टोकांमधल्या अंतराच्या मानाने त्यांच्या पातळीत फरक किती, आणि मधला पदार्थ वाट किती देतो. आजही जगभरचं भूजलाचं गणित याच नियमावर उभं आहे.

आपल्या मुरमात पातळीचा उतार बहुधा जमिनीच्या उतारासारखाच असतो. माथ्यावर मुरलेलं पाणी हळूहळू पायथ्याकडे, ओढ्याकडे, नदीकडे सरकतं. हळूहळू म्हणजे खरोखर हळूहळू, दिवसाला काही सेंटीमीटर, वाट चांगली असेल तर मीटर-दोन मीटर. पाऊस ऑक्टोबरात थांबतो, तरी ओढा दिवाळीत, एखाद्या साली संक्रांतीपर्यंत वाहतो. तो पाऊस नसतो, तो जलधर पाझरत असतो. पूर्वी मांजरा, तेरणा, सिंदफणेला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत धार असायची असं म्हातारी माणसं सांगतात. आता रब्बीचा उपसा सुरू झाला की ओढा थांबतो. ओढ्यात उतरणारं पाणी आपण वाटेतच उचलतो, एवढंच त्याचं कारण.

म्हणूनच माथ्यावरचं गाव आणि पायथ्याचं गाव यांचं पाण्याचं नशीब एक नसतं. बालाघाटाच्या कडेवरच्या गावात कितीही अडवा-जिरवा, त्यातलं बरंच पाणी उतारावरच्या गावाच्या विहिरीत निघतं. पायथ्याच्या गावाला काहीच न करता फायदा होतो आणि तिथले लोक सभेत उठून "आमच्या गावात पाणी आहे, तुम्हीच नीट काम करत नाही" असं सांगतात. जमिनीखाली गावाची शीव चालत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्याचा हिशोब पाणलोटवार मांडते, गाववार नाही, ते उगाच नव्हे.

खालच्या पाषाणात मात्र गोष्ट वेगळी. तिथे मुरमासारखी सलग वाट नसते, फक्त भेगा असतात. आणि इथे तात्यांच्या बोअरचं उत्तर दडलंय. लाव्हा थंड होताना आकसला, तेव्हा पडलेल्या भेगा बहुतेक उभ्या आहेत. बोअरही उभा. साडेसहा इंची उभं भोक दोन उभ्या भेगांच्या मधून शंभर फूट सरळ निघून जाऊ शकतं, आणि पाणी हातभर अंतरावर असूनही लागत नाही. आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरून आडवे बोअर मारतात, ते कित्येकदा लागतात, याचं कारणही हेच. आडवं भोक उभ्या भेगांना छेदत जातं.

दुसरं कारण चवडीतलं. या भाकरी सगळ्या तव्याएवढ्या नाहीत. एखादा थर मैलोन्‌मैल जातो, एखादा जिभेसारखा थोडा पसरून निमुळता होत संपतो. भावकीतल्या माणसाला एकशेसाठ फुटांवर जो पापुद्रा लागला, तो आमच्या बांधापर्यंत आलाच नसेल, किंवा आमच्या बाजूला त्याची भोकं गारांनी भरलेली असतील. तात्यांच्या बोअरला चाळीस फुटांवर ओल होती, तो वरचा जलधर, मे महिन्यात निथळून गेलेला. एकशेचाळीसला तांबडी माती, म्हणजे वरून खाली जायची वाट बंद. त्याच्या खाली नुसता पाषाण. पाचशे ऐंशीऐवजी हजार मारले असते तरी धुरळाच आला असता, असं आज मला जवळजवळ खात्रीने वाटतं. त्या रात्री हे कळत असतं तर दीडशेलाच गाडी बंद केली असती.

बोअर म्हणजे भांडं नव्हे

वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी असलं तर ते ८,९०० लिटर भरतं. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साडेसहा लिटर. पाचशे फूट बोअर काठोकाठ भरलेला असला तरी त्यात सव्वातीन हजार लिटर मावतात, म्हणजे विहिरीतलं वीतभरसुद्धा नाही. विहीर रात्रभर पाझर गोळा करून ठेवते, सकाळी तुम्ही उपसता. बोअर नुसता नळा आहे. तो देतो ते सगळं त्या क्षणी आजूबाजूच्या दगडातून येत असतं, आणि दगडाला द्यायचा वेग ठरलेला असतो.

मराठवाड्यात बोअर मोठ्या संख्येने आले ते १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे, पिण्याच्या पाण्यासाठी. त्यावर बसला हापसा. पुढे जगभर गेलेल्या इंडिया मार्क टू या हातपंपाची मुळं शोधत गेलं की जालन्याच्या मिशनमध्ये तयार झालेल्या एका दणकट पंपाशी आणि त्यावरून सुधारलेल्या सोलापूरच्या पंपाशी पोचायला होतं, हे जालन्यातही फार जणांना माहीत नसतं. हापसा मिनिटाला बारा-एक लिटर पाणी देतो, तेही हात दुखवून. पाषाणातली बारीक भेग तेवढं पाणी सहज पुरवते. त्याच भोकात पाच हॉर्सपॉवरची मोटार सोडली की भेगेच्या ताकदीचा आणि उपशाचा मेळ राहत नाही. भोक वाईट नव्हतं. आपण घोट घेणाऱ्या नळीला पिचकारी लावली.

नवा बोअर पहिल्या वर्षी जोरात चालतो, कारण खालच्या भेगांत कित्येक वर्षांचं पाणी थोडं थोडं करून साठलेलं असतं. दुसऱ्या वर्षी मोटार थांबून थांबून चालते. तिसऱ्या वर्षी गुळण्या टाकते. मग लोक म्हणतात झरा बुजला. झरा बुजलेला नसतो, शिल्लक संपलेली असते आणि वरून भरणा होण्याची वाट अरुंद असते.

महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा, जो २०१४ पासून लागू आहे, ६० मीटर किंवा त्याहून खोल गेलेल्या विहिरीला खोल विहीर धरतो आणि तिच्यावर बंधनं घालतो. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, ही अट तर १९९३ च्या कायद्यापासूनची. उन्हाळ्यात गाडी लावताना या आकड्यांची चर्चा मी तरी कधी ऐकलेली नाही.

पाणी जिरवण्याच्या कामांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तिथेही दगडाला विचारल्याशिवाय पैसा ओतला जातो. नाला खोल केला आणि तळाला मुरूम किंवा मांजऱ्या उघडा पडला तर पाणी जिरतं. तळाला पाषाण लागला तर ते नुसतं टाकं होतं, पाणी मार्चपर्यंत उन्हात जातं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला नाले खोल करून पाणी जिरवणं जमलं म्हणून आमच्याकडेही तसंच करा, असं म्हणताना शिरपूरच्या तालुक्यात तापीचा जाड गाळही आहे हे विसरून चालत नाही. आणि तांब्या एकदा भरला की भरला. चांगल्या पावसाच्या वर्षी सप्टेंबरातच विहिरी काठाला येतात, त्यानंतर कितीही चर खोदा, पाणी आत शिरायला जागा नसते. त्या वर्षी प्रश्न जिरवण्याचा नसतोच, पुढचे नऊ महिने कोण किती उपसतं याचा असतो.

सर्वांत राग येतो तो प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा. पावसाचं वाहून जाणारं पाणी धरायला ते काढलं असेल तर उत्तम. पण कित्येक ठिकाणी दिवाळीनंतर बोअरचं पाणी उपसून ते भरतात. जमिनीखाली सावलीत, झाकून ठेवलेलं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी वर आणून उघड्यावर ठेवायचं, तेही मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर उडून जाणाऱ्या हवेत. प्रत्येकाला वाटतं आपण आपलं पाणी बाजूला काढून ठेवलं. खालून बघितलं तर एकाच तांब्यात दहा जणांनी नळ्या घातल्यात, आणि जो जोरात ओढेल त्याचं.

तात्यांच्या त्या कोरड्या बोअरचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या साली परतीचा पाऊस जोरदार झाला. नोव्हेंबरात एका संध्याकाळी तात्यांचा फोन, आवाजात हुरूप. "आरं, बोअरला कान लावला. आत पाणी पडतंय! खळखळ आवाज येतोय." मी रविवारी गावी गेलो आणि केसिंगला, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपला, कान लावला. खरंच, खोलवर कुठेतरी पाणी पडत होतं.

पण ते पाणी बोअरला लागलेलं नव्हतं. केसिंग होतं फक्त वीस फूट. चाळीस फुटांवरच्या ओल्या थरातलं पाणी उघड्या भोकात येऊन खाली पडत होतं, तांबड्या मातीचं बूच आम्हीच फोडलेलं, त्यातून पार खालच्या पाषाणाच्या भेगांत. तो चाळीस फुटांचा थर म्हणजे तात्यांच्या जुन्या विहिरीचाच थर. विहीर बोअरपासून साठ-सत्तर पावलांवर. आपल्याच विहिरीला आपणच खालून भोक पाडलंय, हे तात्यांना पटायला दोन दिवस गेले. पटल्यावर ते फार बोलले नाहीत. ट्रॅक्टरने तळ्यातली चिकण माती आणली आणि दोन पोरांना घेऊन बोअर बुजवायला बसले. पाचशे ऐंशी फूट खोल, पण साडेसहा इंचीच. सव्वा ट्रॉली माती पुरली.

जानेवारीत विहिरीत दोरी सोडली तर पाणी आदल्या वर्षीच्या जानेवारीपेक्षा चार हात वर होतं. त्यातलं किती बुजवल्यामुळे आणि किती परतीच्या पावसामुळे, ते काही वेगळं काढता येत नाही. तात्यांनी मात्र त्या दोरीला हातावर गाठी मारून ती विहिरीच्या काठावरच्या लिंबाला टांगून ठेवलीय आणि दर पंधरवड्याला सोडतात. मागच्या उन्हाळ्यात बांधापलीकडच्यांचा बोअर गुळण्या टाकायला लागला, तेव्हा ते येऊन दोरी मागून घेऊन गेले.